टिकलीखालचा दिवा

साठी उलटल्यावर माणसाने इतर उलटणाऱ्या गोष्टींपासून जपून राहावं, असं म्हणतात. कोण म्हणतं ते मला ठाऊक नाही, पण हे सुभाषित मला आठवायला जरा उशीर झाला एवढं खरं. तोपर्यंत आमची नवी एसयूव्ही सोसायटीच्या आवारात येऊन उभी राहिली होती. तिला हार घालून झाला होता, चाकाखाली लिंबं चिरडून झाली होती आणि पेढेही वाटून संपले होते.

त्याआधी एकवीस वर्षं आमची एक छोटी गाडी होती. ती इतकी बुटकी होती, की तीत बसणं म्हणजे पंगतीत पाटावर बसणं आणि तीतून उठणं म्हणजे चार लाडू जास्त झाल्यावर त्याच पाटावरून उठणं. गुडघ्यांनी तक्रार केली, तशी गाडी बदलायचं ठरलं. शोरूममधल्या तरुणाने मला नव्या गाडीच्या आसनावर चढवलं. हो, चढवलंच. मग म्हणाला, “बघा काका, कसं उंचावर बसल्यासारखं वाटतं. सेफ वाटतं की नाही?”

आता मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. उंचावर बसलेला सुरक्षित असतो, हे मराठी माणसाला शोरूममधल्या तरुणाने सांगावं लागत नाही. राजगड, रायगड, प्रतापगड! आमचं सगळं राज्यच मुळी उंचावर उभं राहिलं. मी तिथल्या तिथे सहीला पेन काढलं. गड ताशी ऐंशी किलोमीटरने वळणावरून जात नाही, हा बारीकसा फरक त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही.

गाडीची लांबी ३,९९५ मिलिमीटर. हा आकडा वाचून मला बाटाच्या चपलांच्या किमती आठवल्या. आपल्याकडे गाडी चार मीटरच्या आत राहिली की कर कमी लागतो. म्हणून कंपन्या लांबीत कपात करतात आणि उंचीत हौस भागवतात. तात्पर्य काय, लांबीवर सरकारचं लक्ष आणि उंचीवर गिऱ्हाईकाचं! रुंदीकडे मात्र कुणाचंच लक्ष नाही. या रुंदीबद्दल पुढे बोलायचंच आहे.

घरी आल्यावर गाडीचा एकच दोष निघाला. ती खड्ड्यांत आदळायची. खड्डा रस्त्याचा आणि दोष गाडीचा, हा काही न्याय नव्हे. पण मागच्या सीटवर चौऱ्याऐंशी वर्षांची आई असली की न्यायापेक्षा मणके महत्त्वाचे वाटतात. आमचे मेहुणे गाड्यांतले तज्ज्ञ आहेत. (ते सगळ्यातलेच तज्ज्ञ आहेत, पण सध्याचा विषय गाड्या.) त्यांनी एका टायरला लाथ मारून निदान केलं, “भाऊजी, हवा फार आहे. कंपनीवाले चौतीस सांगतात, पण तुम्ही सव्वीस ठेवा. गादीवर बसल्यासारखं वाटेल.”

मी सव्वीस ठेवली, आणि खरोखर गादीवर बसल्यासारखं वाटलं. फक्त समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह! सबंध आयुष्य मी मुलांना उद्गारचिन्ह जपून वापरायला सांगत आलो, आणि आता माझी गाडीच पुण्याच्या रस्त्यांवर मला उद्गारचिन्ह दाखवत होती. मेहुणे म्हणाले, “सेन्सर आहे हो. हल्लीच्या गाड्यांना हे सेन्सरचं भारी वेड.” दिवा काही विझेना. डोळ्यांत खुपायला लागला, तेव्हा सौभाग्यवतींनी कपाळावरची टिकली काढून त्यावर लावली. प्रश्न मिटला. आपल्याकडचे बरेच प्रश्न असेच मिटतात.

पंधरा दिवसांनी, शहराबाहेरच्या हमरस्त्यावर, एक कुत्रं आडवं आलं. मी चाक उजवीकडे ओढलं, मग घाबरून डावीकडे. गाडी आधी एका कुशीवर कलली, मग दुसऱ्या कुशीवर. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेल्या लाँचीत मी असा हललो आहे. पण तिथे खाली पाणी असतं. एक क्षण उजवीकडची चाकं जमिनीवर आहेत की नाहीत, हे मला कळेना. मग सगळं जागच्या जागी आलं. कुत्रं शेपूट हलवत निघून गेलं. सौभाग्यवती घर येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. छत्तीस वर्षांच्या संसारात मी इतका घाबरलो नव्हतो.

त्या रात्री मी एक असाधारण गोष्ट केली. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक वाचलं! पान उलटता उलटता तो घोड्याचा नाल सापडला. टायरमधली हवा कमी झाल्याची सूचना! आणि इतिहासाच्या माणसाला एक वाईट खोड असते. कुठलीही वस्तू दिसली की ‘हे काय आहे?’ यापेक्षा ‘हे कधीपासून आहे?’ हा प्रश्न त्याला आधी पडतो. पुढचे आठ दिवस मी या दिव्याची वंशावळ काढत बसलो. ती अशी.

या उंच गाड्यांची मूळमाता म्हणजे जीप. १९४१ साली अमेरिकेच्या सैन्यासाठी ती जन्मली आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्या सहा लाखांहून अधिक बहिणी तयार झाल्या. स्वातंत्र्य मिळाल्यावर मुंबईत महिंद्रांनी तिची जुळणी सुरू केली आणि ती आपल्या घरातलीच झाली. मामलेदाराची जीप, निवडणुकीची जीप, सिनेमाच्या शेवटी सगळं आटोपल्यावर येणारी पोलिसांची जीप! अरुंद, उंच आणि डोंगर चढण्यात पटाईत. ती युद्धासाठी बनवली होती, भाजी आणायला नव्हे. पण युद्ध संपल्यावर अमेरिकन माणूस तिला भाजी आणायलाही न्यायला लागला, आणि इथून कथेला वळण लागलं. वळण म्हटलं की उंच गाडीची अडचण आलीच.

१९८० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका गाजलेल्या दूरदर्शन-कार्यक्रमात जीपचा एक नमुना अचानक वळवल्यावर कसा उलटतो, हे लोकांना घरबसल्या दिसलं. १९८८ साली ग्राहकांच्या एका मासिकाने सुझुकी समुराईला, म्हणजे आपल्या जिप्सीच्या सख्ख्या चुलत बहिणीला, ‘उलटण्याचा धोका, घेऊ नये’ असा शेरा मारला. कंपनीने चाचणीच लबाडीची आहे म्हणून दावा लावला आणि २००४ साली दोघांनी तडजोड केली. खरं कोण, हे कोर्टाला सांगावंच लागलं नाही.

उलटण्याचं शास्त्र मला समजलं ते स्वयंपाकघरात. ओट्यावर परात ठेवा आणि शेजारी पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवा. दोन्हींना बोटाने सारखाच धक्का द्या. परात सरकेल, फुलपात्र आडवं होईल. (हा प्रयोग घरात कुणी नसताना करावा.) अमेरिकन सरकारने हेच गणितात बसवलं आहे. दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर निम्मं करायचं आणि त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. उत्तर जितकं मोठं, तितकी गाडी परातीसारखी. साध्या मोटारींचं उत्तर साधारण १.३० ते १.५० येतं, उंच गाड्यांचं १.०० ते १.३०. म्हणजे ज्या उंचीसाठी मी जादा पैसे मोजले, तीच भागाकारात खाली जाऊन बसली होती. आणि वर बसणारी रुंदी, जिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, ती होती तेवढीच.

आईला हे समजावून सांगायला गेलो, तर ती म्हणाली, “यात काय नवीन? आमच्या मामांकडे पेंढ्याची गाडी उलटली होती. गड्याने भारा उंच रचला होता. मामा म्हणाले, दोन खेपा कर, पण भारा बैलाच्या शिंगांच्या वर नेऊ नकोस.” अमेरिकन सरकारने अशा गाड्यांना या हिशेबाने तारे द्यायला २००१ साली सुरुवात केली. आईच्या मामांकडे बहुधा शिंगं होती म्हणून हिशेब सोपा होता.

आता मुख्य कथा. ही खरी तर दोन व्याह्यांच्या भांडणाची आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. हेन्री फोर्ड मोटारी करायचे आणि हार्वे फायरस्टोन टायर करायचे. १९०६ सालापासून एकाच्या गाडीला दुसऱ्याचे टायर. दोघांची दोस्ती इतकी, की थॉमस एडिसनला बरोबर घेऊन ते मोटारींचा तांडा काढून रानावनांत तंबू ठोकून राहायला जात. पुढे १९४७ साली फोर्डांच्या नातवाचं फायरस्टोनांच्या नातीशी लग्न झालं आणि धंद्याची सोयरीक खरोखरीची सोयरीक झाली. त्या लग्नातला मुलगा १९९९ साली फोर्ड कंपनीचा अध्यक्ष झाला. गाडीवाले आणि टायरवाले, दोघेही त्याचे पणजोबा.

१९९० साली फोर्डने ‘एक्सप्लोरर’ नावाची एसयूव्ही बाजारात आणली. ती तुफान खपली. बायकामुलं, कुत्री, तंबू, सगळं तीत मावायचं आणि वर उंचावर बसून सुरक्षित वाटायचं. त्या कंपनीतल्याही कुणीतरी शोरूममध्ये ‘सेफ वाटतं की नाही?’ असं विचारलं असणारच. पण गाडी बाजारात येण्याच्या आधीच कंपनीच्या चाचण्यांत ती जोरात वळवल्यावर चाकं उचलत होती. नंतर कोर्टकचेऱ्यांत जे कागद बाहेर आले, त्यांत उपायांची यादी आहे. चाकांतलं अंतर वाढवा, इंजिन खाली घ्या, स्प्रिंगा बदला, टायरमधली हवा कमी करा. पहिले दोन उपाय म्हणजे खर्च आणि उशीर. स्प्रिंगांत थोडा फेरफार झाला आणि हवा कमी केली. हवेला पैसे पडत नाहीत.

किती केली असेल? सव्वीस!

हा आकडा वाचला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी उठून पाणी प्यायलो. मेहुण्यांचा आणि फोर्डच्या इंजिनिअरांचा कधी पत्रव्यवहार झाला असेल, असं मला वाटत नाही. थोर माणसं स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला येतात, एवढंच म्हणायचं.

सव्वीसने काय झालं, ते पुढचं. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त वाकतो. तार हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाकवली की ती गरम होते, तसा तो आतून तापतो. त्यात गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली, उन्हाळा टेक्सासचा किंवा अ‍ॅरिझोनाचा आणि वेग महामार्गाचा. त्या विशिष्ट टायरांची घडणही कच्ची निघाली. अशा वेळी टायरची वरची साल, भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी, धावता धावता सुटून यायची. मग चालक दचकून चाक ओढायचा, जसं मी कुत्र्यासाठी ओढलं तसंच. आणि फुलपात्र आडवं व्हायचं.

सौदी अरेबियातल्या गिऱ्हाइकांना फोर्डने १९९९ सालीच टायर बदलून द्यायला सुरुवात केली होती. अमेरिकेत तेव्हा शांतता होती. २००० च्या फेब्रुवारीत ह्यूस्टन शहरातल्या एका स्थानिक वाहिनीच्या बातमीदार बाईने अपघातांचे धागे जोडून दाखवले, तेव्हा फोन खणखणायला लागले. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने पासष्ट लाख टायर परत मागवले.

आणि मग व्याह्यांचं जुंपलं. फोर्ड म्हणे, टायर वाईट. फायरस्टोन म्हणे, टायर ठीक आहेत, तुमचं पोरच तोल सांभाळत नाही, शिवाय आमचा शिफारशीचा आकडा तीस होता. (फायरस्टोन हे घर तोवर जपानच्या ब्रिजस्टोनने विकत घेतलं होतं, पण माहेरचं नाव तेच होतं.) अमेरिकेच्या संसदेत साक्षी झाल्या. २००१ च्या मे महिन्यात फायरस्टोनने ‘यापुढे तुम्हाला टायर नाही’ असं कळवून पंचाण्णव वर्षांची सोयरीक मोडली. दुसऱ्याच दिवशी फोर्डने आणखी एक कोटी तीस लाख टायर बदलायचं जाहीर केलं.

लग्नघरातलं भांडण असतं, तर मी हे हसत सांगितलं असतं. पण सरकारी मोजणीप्रमाणे या टायरांपायी अडीचशेंहून अधिक माणसं मेली. बहुतेक कुठेतरी सुट्टीला, कुणाला तरी भेटायला, सामान भरून निघालेली. आपण उंच आणि भक्कम गाडीत बसलो आहोत, या समाधानात बसलेली. २००२ च्या नमुन्यात फोर्डने एक्सप्लोररच्या चाकांतलं अंतर वाढवलं. सुमारे अडीच इंच! यादीतला पहिला उपाय बारा-तेरा वर्षांनी अमलात आला.

त्या साक्षींतूनच २००० च्या नोव्हेंबरात अमेरिकेत एक कायदा झाला. टायरमधली हवा कमी झाली की गाडीने चालकाला सांगितलंच पाहिजे, असं त्यातून ठरलं. २००७ च्या सप्टेंबरनंतर तिथल्या प्रत्येक नव्या गाडीत तशी सोय सक्तीची झाली. घोड्याची नाल आणि मध्ये उद्गारचिन्ह! हळूहळू ती जगभर पसरली आणि आमच्या सोसायटीच्या आवारापर्यंत आली. तिच्यावर आम्ही टिकली लावली.

वंशावळीत आणखी एक जन्म सांगायला हवा, कारण त्यानेच बहुधा मला त्या कुत्र्याच्या वेळी वाचवलं. १९९७ सालची गोष्ट. स्वीडनमध्ये रानातून मूस नावाचं अगडबंब हरीण रस्त्यावर येतं, म्हणून तिथे गाडी एकदम एका बाजूला आणि लगेच परत वळवून बघायची चाचणी घेतात. मर्सिडीजने तेव्हा एक छोटी, उंचशी गाडी काढली होती. एका स्वीडिश वार्ताहराने ती त्या चाचणीत नेली आणि ती सरळ उलटली. मर्सिडीज! जिची मालकी नवऱ्या मुलाची माहिती सांगताना शेवटी मुद्दाम सांगतात, ती. कंपनी आधी रागावली. मग तिने विकलेल्या गाड्या परत बोलावल्या आणि प्रत्येकीत एक यंत्रणा फुकट बसवली. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाचा ब्रेक आपणहून दाबून गाडीला ताळ्यावर आणते. तोवर ती फक्त महागड्या गाड्यांत असायची. त्या फजितीपायी ती छोट्या गाडीत आली. अमेरिकेत ती २०१२ च्या नमुन्यांपासून सक्तीची झाली, आणि उंच गाड्या उलटण्याचं प्रमाण तिच्यामुळे पुष्कळ कमी झालं. माझ्या गाडीत ती आहे. एका स्वीडिश हरणाने मला पुण्याच्या कुत्र्यापासून वाचवलं, असं म्हणायला हरकत नाही.

“पण आपल्या गाडीला तारे आहेत ना?” सौभाग्यवतींनी विचारलं. आहेत. २०२३ च्या १ ऑक्टोबरपासून आपल्याकडेही गाड्या आपटून बघून तारे द्यायची पद्धत सुरू झाली, आणि ती चांगलीच आहे. पण ते तारे गाडी आदळल्यावर आतल्या माणसांचं काय होईल, हे सांगतात. त्यांनी टायरमधली हवा मोजलेली नसते आणि आमचे मेहुणेही पाहिलेले नसतात.

हे सगळं मला कळलं त्याच आठवड्यात आम्हाला कोकणात जायचं होतं. मे महिना, ताम्हिणी घाट, मागच्या सीटवर आई, सौभाग्यवती आणि भाची, पुढे मी आणि मेहुणे. परत येताना आंब्याच्या पेट्या आणायच्या, म्हणून मेहुण्यांनी गाडीच्या टपावर कॅरियरही बसवून ठेवलं होतं. म्हणजे भरलेली गाडी, तापलेला रस्ता, सव्वीस हवा आणि डोक्यावर आठ पेट्या! फोर्डच्या इंजिनिअरांना यादीत याहून सरस काही सुचलं नसतं.

आदल्या संध्याकाळी मी कॅरियर काढायला लावलं. मेहुणे दुखावले. “भाऊजी, इतकी वर्षं लोक टपावरून आंबे आणतायत.” मी त्यांना फोर्ड-फायरस्टोनची कथा सांगितली. त्यांनी ती सगळी ऐकली आणि म्हणाले, “पण ते अमेरिकेत.” मी काही बोलायच्या आत आई आतून म्हणाली, “पेट्या पायाशी ठेवा रे. शिंगांच्या वर भारा नको.” अमेरिकन संसदेपुढे नसते वाकले, पण आईपुढे मेहुणे वाकले.

मग पट्ट्यांची लढाई. मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावायचा, हे आमच्या घरात कुणालाच मान्य नव्हतं. आई म्हणाली, “मला का बांधतोस? मी कुठे पळून जातेय?” खरं म्हणजे उलटणाऱ्या गाडीतून माणूस पळून जात नाही, फेकला जातो, आणि बरेचसे जीव तिथेच जातात. हे वाक्य मला तिला सांगवेना. मी म्हटलं, “आई, आंब्याच्या पेट्या बांधतो ना आपण? त्यांच्यापेक्षा तुझी किंमत कमी आहे का?” तिने निमूट हात वर केले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईच्या पोटावरून पट्टा ओढून तो खटका लावताना, लहानपणी तिने माझ्या शर्टाची बटणं लावली असतील ती आठवली. असो.

सकाळी सहाला पेट्रोल पंपावर गेलो. हवा मारणाऱ्या पोराने नळी हातात घेऊन विचारलं, “काका, किती मारू?”

चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक एवढासा कागद चिकटवलेला असतो. तो मी चष्मा लावून पुन्हा एकदा वाचला. म्हटलं, “चौतीस. आणि मागे, गाडी भरलेली असली तर छत्तीस, असं लिहिलंय.”

“काका, कडक होईल. खड्डे लागतील.”

“लागू देत.”

गाडीत येऊन बसलो. सौभाग्यवती मागून वाकल्या आणि नखाने टिकली काढली. थोडा डिंक तिथे राहिला, तो पदराने पुसला. पंपातून बाहेर पडून शंभर पावलं गेलो असू, तेवढ्यात तो पिवळा दिवा आपणहून विझला. पहिल्या खड्ड्यात गाडी दणकन आदळली. आई म्हणाली, “अरे, हळू चालव की!”

हाही उपाय यादीत कुणाला सुचला नव्हता. ताम्हिणीत मी पस्तीसच्या वर गेलो नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, मेहुण्यांनी उसासे टाकले. आंबे सगळे शाबूत आले, माणसंही.

टिकली आता न्हाणीघरातल्या आरशावर आहे. ती जिथे होती तिथे काही दिसत नाही, नुसती काळी काच. गाडी सुरू केली की मी आधी तिकडे बघतो.